कुलूपबंद घरांची खानेसुमारी
(भारताचे महानिबंधक व जनगणना आयुक्त यांस खुले पत्र)

महोदय,



येत्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा संदर्भक्षण ठरविणारी अधिसूचना २०२५ च्या जून महिन्यात प्रसिद्ध झाली. ती वाचल्यापासून महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीसारख्या पसरलेल्या आमच्या जिल्ह्याविषयी आपणांस चार शब्द लिहावेत, असे मनात घोळत होते. एवढ्या अवाढव्य देशाच्या शिरगणतीचा भार ज्यांच्या माथ्यावर आहे, त्यांनी साडेआठ लाख वस्तीच्या एका कोपऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा धारिष्ट्याची आहे हे मी जाणतो. परंतु महाराष्ट्रात सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा म्हणून ज्या सिंधुदुर्गाची नोंद आपल्याच दप्तराने २०११ साली केली, त्या सिंधुदुर्गाला ही गोष्ट आपल्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगता येण्यासारखी नाही.

आकडे आपणांस ठाऊक आहेत. वाचकांसाठी मी ते पुन्हा देतो. २००१ साली या जिल्ह्यात ८,६८,८२५ माणसे होती. २०११ साली ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत एकोणीस हजारांची घट झाली, आणि तीही साथ नाही, दुष्काळ नाही, दंगल नाही अशा सुखवस्तू दशकात. शेजारचा रत्नागिरी जिल्हा याच काळात १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर उतरला. त्या गणनेत लोकसंख्या घटलेला महाराष्ट्रातील तिसरा आणि शेवटचा जिल्हा कोणता, हे पुष्कळांच्या लक्षात राहिलेले नाही: तो मुंबई शहर जिल्हा होय. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांनी दीडशे वर्षे मुंबईला माणसे पुरविली ते, आणि ज्या लालबाग-परळ-गिरगावने ती माणसे सामावून घेतली तेही, एकाच दशकात रोडावले. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले आणि कोकणातला चाकरमानी मागे गावी न परतता पुढे ठाणे, डोंबिवली, विरार असा सरकत गेला. या तीन घटींमागचे सूत्र एकच असावे, असे माझे अनुमान आहे; परंतु ते अनुमानच राहते, कारण ते सिद्ध किंवा असिद्ध करू शकणारा तक्ता फक्त आपण देऊ शकता, आणि तो आम्हांस वेळेवर मिळत नाही. या पत्राचे प्रयोजन मुख्यतः एवढेच आहे. तथापि, ही मागणी आमच्याच जिल्ह्याने का करावी, हे कळण्यासाठी या भूमीवर राज्यकर्त्यांनी कोणकोणत्या रेषा ओढल्या आणि पुसल्या, त्याची थोडी हकीकत सांगणे प्राप्त आहे.

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, रत्नागिरीतून वेगळा काढण्यात आला; ज्या जलदुर्गाची पायाभरणी शिवछत्रपतींनी १६६४ साली मालवणनजीकच्या कुरटे बेटावर केली, त्याचे नाव जिल्ह्याला लाभले. परंतु जो मुलूख त्या दिवशी एका नावाखाली आला, तो पूर्वी कधी एकसंध होता असे समजण्याचे कारण नाही. कुडाळ, बांदे आणि वाडी, म्हणजे सावंतवाडी, हा सावंत भोसल्यांच्या संस्थानाचा गाभा. त्याच सावंतांचे पेडणे, डिचोली आणि सत्तरीचे प्रदेश अठराव्या शतकात पोर्तुगिजांच्या घशात गेले आणि आज ते गोव्याचे तालुके आहेत. मालवण कोल्हापूरकरांकडे होते, ते १८१२ साली इंग्रजांनी घेतले. वेंगुर्ले त्याच साली वाडीकरांकडून घेतले. विजयदुर्ग आणि देवगडचा किनारा आंग्र्यांकडून पेशव्यांकडे व पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारकडे आला. अशा रीतीने किनारा इंग्रजी आणि अंतर्भाग संस्थानी, अशी या पट्टीची दीर्घकाळ वाटणी झाली, आणि वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरलेल्या माणसाला आपल्या कुडाळच्या घरी पोहोचण्यासाठी एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात पाऊल टाकावे लागे.

इंग्रजी अमलातही रेषा स्थिर राहिल्या नाहीत. दक्षिण कोकणच्या कलेक्टरची कचेरी प्रथम बाणकोटास होती. १८२२ साली ती रत्नागिरीस आली. १८३० साली बाणकोटच्या उत्तरेकडील भाग उत्तर कोकणास जोडून रत्नागिरीचा दर्जा दुय्यम कलेक्टरीपर्यंत उतरविला गेला, आणि दोनच वर्षांनी तो पुन्हा वाढवावा लागला. सावंतवाडीचा कारभार इंग्रजांनी १८३८ पासून आपल्या हाती घेतला. त्यापुढील दशकात गडकऱ्यांचा उठाव कोल्हापूर आणि वाडी या दोन्ही संस्थानांत पेटला, तो शमविल्यावर ही पकड अधिकच घट्ट झाली. संस्थान मात्र संस्थानच राहिले. १९३७ पर्यंत तेथे राज्य करणाऱ्या बापूसाहेब महाराजांचे नाव अजूनही वाडीत आदराने घेतले जाते. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्याचा भाग झाले, आणि मग तेहतीस वर्षांनी सिंधुदुर्ग म्हणून रत्नागिरीबाहेर पडले. मध्यंतरी कणकवली आणि वैभववाडी असे नवे तालुके उभे राहिले, आणि विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी सावंतवाडीचा दक्षिण भाग तोडून दोडामार्ग हा आठवा तालुका झाला.

जिल्ह्याचे ठाणे कोठे असावे या प्रश्नाची सोडवणूक करताना शासनाने कोणत्याही जुन्या शहराच्या पदरात हे माप टाकले नाही. कुडाळ आणि कणकवली यांच्या दरम्यान ओरोस येथे सिंधुदुर्गनगरी या नावाने एक नवी वसाहत उभारली. मुंबई-गोवा रस्त्यावरून जाणाऱ्याला तेथे जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी दिसते, जिल्हा परिषद दिसते, न्यायालय दिसते. परंतु सायंकाळी कचेऱ्या सुटल्या की नगरी ओस पडते, कारण तेथे काम करणारी बरीच मंडळी कुडाळला, कणकवलीला वा सावंतवाडीला राहतात. ज्या जिल्ह्यातील शंभरांपैकी साडेबारा माणसेच शहरांत राहतात, त्याची राजधानीही शहर होऊ नये, यात विसंगत असे काही नाही, असे मी स्वतःची समजूत घालतो.

या सगळ्या उलथापालथींचे अवशेष पाहावयाचे असतील, तर इतिहासाच्या पुस्तकापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात पाहावे. देवगडकडे खोती होती. ती १९४९ च्या कायद्याने नष्ट झाली. सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोली, गेळे आणि चौकुळ या तीन गावांत मात्र संस्थानी काळातील कबुलायतदार गावकर पद्धतीचा घोळ संस्थान विलीन होऊन दशके लोटली तरी मिटेना. गावाचा एकूण सारा भरण्याची कबुलायत गावकऱ्यांनी दरबारास लिहून दिलेली, जमीन सामाईक, प्रत्येकाचा तुकडा प्रत्यक्षात ठाऊक पण कागदावर कोणाचाच नाही. संस्थान गेले, सरकार आले आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा मनुष्य दप्तरात भूमिहीनासारखा उभा राहिला. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण माणूस जागेवर आहे आणि नोंद नाही, हा या जिल्ह्यातील एक प्रकार झाला. दुसरा, त्याच्या नेमका उलट प्रकार आपल्या खात्याशी अधिक निगडित आहे: नोंद आहे आणि माणूस जागेवर नाही.

कोकणातील कोणताही सातबारा उतारा काढून पाहावा. दीड-दोन एकर वरकस जमीन, आकार काही आण्यांचा, आणि कब्जेदार सदरी मुंग्यांच्या रांगेसारखी उतरत गेलेली नावे: कै. अमुक, त्याचे तीन मुलगे, त्यांतील एकाची विधवा, तिच्या मुली, त्या मुलींची लग्नानंतरची आडनावे, चुलत घराण्याचे वारस, आणि शेवटी सामाईक हा शब्द. या नावांपैकी एखादे गावात, दोन-चार डोंबिवलीत, एक बडोद्यात, एक आखातात, आणि काही केवळ फेरफाराच्या नोंदीत जिवंत. कोणी जमीन विकीत नाही, कारण सह्या जमत नाहीत. आणि कोणी सोडीतही नाही, कारण ती सोडली की गाव सुटले. घराचेही तसेच. पडवीच्या दाराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकीकडे. ती सणावारी देव्हाऱ्यापुढे दिवा लावते, पावसापूर्वी कौले चाळून घेते आणि मुंबईहून पैसे आले की घरपट्टीची पावती फाडून आणते. आपला प्रगणक, जो बहुधा त्याच गावच्या प्राथमिक शाळेतला गुरुजी असतो, चिऱ्याच्या पायऱ्या चढून या घरापाशी येतो, कुलूप पाहतो, आणि त्याच्या तक्त्यात ते घर रिकामे किंवा नुसते कुलूपबंद म्हणून पडते. गुरुजीला ठाऊक असते की चतुर्थीला याच घरात चुलीपाशी पाय ठेवायला जागा उरत नाही. परंतु ते लिहावे असा रकानाच त्याला दिलेला नसतो.

आमचा गाव या बाबतीत शासनाहून अधिक काटेकोर आहे, असे म्हटले तर आपण रागावू नये. देवळात गुरव किंवा गावकर जेव्हा गाऱ्हाणे घालतो, तेव्हा तो गावात असलेल्यांबरोबर पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेल्यांचेही नाव घेतो, त्यांना सुखरूप ठेवण्याची जबाबदारी ग्रामदेवतेवर टाकतो, आणि जमलेली मंडळी 'व्हय महाराजा' म्हणून त्यास रुकार देतात. मुंबईत राहून मानकऱ्याचा मान सुटत नाही. शिमग्याला तो बजावण्यासाठी रजा काढून यावे लागते. येत्या गणनेचा संदर्भक्षण १ मार्चचा, आणि २०२७ साली शिमगा त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी. म्हणजे आमची माणसे एसटीत आणि कोकण रेल्वेत जागा धरण्याच्या खटपटीत असतील, तेव्हा आपली गणना पुरी झालेली असेल. उलट मार्चच्या आरंभी देवगडच्या आंबा बागांत राखणीसाठी आलेले नेपाळी आणि चिऱ्याच्या खाणींवर कर्नाटकातून आलेले मजूर गावोगाव असतात, त्यांची गणना येथेच होते. ती व्हावीच, जो जेथे प्रत्यक्ष राहतो तो तेथे मोजला जावा, या नियमाला माझा आक्षेप नाही, आणि चाकरमान्यांना गावात मोजून आमची संख्या फुगवावी अशी मागणीही मी करीत नाही. एक माणूस दोन ठिकाणी मोजला गेला तर जनगणना राहत नाही, एवढे मला समजते.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मांडण्यासाठी मी आपणांस आपल्याच खात्याच्या जुन्या कामाची आठवण करून देऊ इच्छितो. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली प्रथमच घटली असे आपण समजत असाल तर तसे नाही. १८७२ साली ती दहा लाख एकोणीस हजार होती, ती १८८१ साली नऊ लाख सत्त्याण्णव हजारांवर आली. परंतु त्याच १८८१ च्या गणनेच्या तक्त्यांत मुंबई शहरातील रहिवाशांची जन्मस्थाने दिलेली होती, आणि रत्नागिरी हे जन्मस्थान सांगणारे लोक एकट्या मुंबईत लाखाहून अधिक निघाले. त्यामुळे जिल्हा ओसाड पडतो आहे अशी भीती कोणी घातली नाही: गिरणी, गोदी, पोलीस आणि पलटण यांकडे माणसे गेली आहेत, हे कागदावर उघड होते, आणि १९०१ पर्यंत जिल्हा अकरा लाख सदुसष्ट हजारांवर पोहोचलाही. हाताने लिहिलेल्या, हाताने बेरजा केलेल्या त्या गणनेने जे सांगितले, ते सांगण्यास २०११ च्या गणनेच्या स्थलांतरविषयक तक्त्यांना कित्येक वर्षे लागली. तोपर्यंत त्या दशकाचे नियोजन घटीचा केवळ एक उणे आकडा हाती धरून होऊन गेले होते.

त्या उण्या आकड्याचे परिणाम कसे होतात, ते आपल्या कचेरीतून दिसत नसतील. २००१ च्या गणनेवर आधारलेल्या मतदारसंघांच्या पुनर्रचनेने या जिल्ह्यातील विधानसभेच्या जागा चारांवरून तीनवर आल्या. मालवण, वेंगुर्ले आणि देवगड ही नावे यादीतून गेली. ज्या राजापूर मतदारसंघाने नाथ पै आणि त्यांच्यामागून मधु दंडवते यांना लोकसभेत धाडले, तो मतदारसंघही त्याच वेळी नकाशावरून पुसला गेला. गणिताने ते बरोबर असेल. वाद घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु शाळेचा पट घटला म्हणून शाळा, पट नाही म्हणून शिक्षक, शिक्षक नाही म्हणून उरलेले पालकही बाहेर, ही साखळी जिथे सुरू होते तेथे आपला आकडा असतो. आणि मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्यात ज्या आरोग्य केंद्रावर, ज्या नळयोजनेवर आणि ज्या रस्त्यावर कित्येक पटींनी ताण पडतो, त्यांची आखणी फेब्रुवारीत सापडलेल्या माणसांवर होते.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते. २००१ साली या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. २०११ साली १०३६. स्त्रिया अधिक याचा अर्थ येथे मुलींचे लाड अधिक होतात असा नसून घरचा पुरुष मुंबईत आहे एवढाच आहे. वेंगुर्ल्याच्या आणि मालवणच्या बंदरांतून आगबोटीने जाणाऱ्या गिरणी कामगारापासून हे चालत आले आहे. तो एकटा जाई, खानावळीत जेवी, मनिऑर्डर पाठवी. बायको सासू-सासऱ्यांसह शेत आणि गुरे सांभाळी. मग हे प्रमाण खाली का आले? पुरुष परतले म्हणून? १९८२ च्या जानेवारीत, म्हणजे आमचा जिल्हा जन्मल्यावर अवघ्या साडेआठ महिन्यांनी, गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा पुष्कळ परतले हे खरे. परंतु मला भय वाटते ते दुसऱ्या कारणाचे, की आता बायकाही जात आहेत, कुटुंबेच्या कुटुंबे जात आहेत, आणि किल्ली सांभाळणारी काकी हीच काय ती मागे राहिली आहे. कदाचित दोन्ही कारणे असतील. कदाचित बांदे-दोडामार्गकडील तरुण आता मुंबईऐवजी रोज सकाळी दुचाकीवरून गोव्यात कामाला जाऊन रात्री घरी परततो, आणि म्हणून मोजला जातो, हेही एक कारण पुढील गणनेत दिसेल. पेडण्यातील मोपा येथे विमानतळ झाल्यापासून हा प्रवाह वाढल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहतो. ज्या पेडण्याचा आमच्याशी संबंध दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तहाने तुटला, तो पोटाच्या वाटेने पुन्हा जुळतो आहे. डोळ्यांनी पाहिलेले आणि तक्त्याने सिद्ध झालेले यांत जे अंतर आहे, ते मिटविण्याचे साधन आपल्या हाती आहे.

म्हणून माझी विनंती अशी. प्रगणकाच्या हाती या खेपेस कागदाऐवजी मोबाइल असणार आहे, बेरजा यंत्र करणार आहे, आणि जन्मस्थान, यापूर्वीचे निवासस्थान व स्थलांतराचे कारण हे प्रश्न आपल्या प्रश्नावलीला नवे नाहीत. तेव्हा त्यांचे जिल्हावार तक्ते प्राथमिक आकड्यांच्या मागोमाग प्रसिद्ध व्हावेत, त्यासाठी आम्हांला पुढची गणना येईपर्यंत थांबावे लागू नये. शक्य असेल तेथे मूळ गावाचा तालुकाही नोंदविला जावा, कारण देवगडचा माणूस आणि दोडामार्गचा माणूस एकाच दिशेने जात नाहीत. स्थलांतराच्या कारणांत नोकरी आहे, शिक्षण आहे, विवाह आहे. निवृत्तीनंतर गावी परतणे हे कारण निराळे मोजले जात नाही, आणि सिंधुदुर्गाच्या पुढच्या वीस वर्षांचे भवितव्य पुष्कळसे त्याच एका रकान्यावर अवलंबून आहे. घरांच्या यादीत कुलूप असलेल्या घरापाशी प्रगणकाने शेजाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: या घरात वर्षातून एकदा तरी चूल पेटते काय? ज्या घरात पेटते आणि ज्यात कायमची विझली आहे, त्यांना निरनिराळे सांकेतिक क्रमांक द्यावेत. हा प्रश्न विचारण्यास अर्धा मिनिट लागेल, आणि उत्तर देण्यास आमच्याकडील शेजारी नको तितका वेळ घेईल. तेवढी तसदी गुरुजींनी सोसावी.

एवढे झाले तर २०२७ चा आकडा कितीही उणा आला, तरी त्यावर काय करावयाचे ते आमचे आम्हांला, जिल्हा परिषदेला आणि राज्य शासनाला ठरविता येईल. कौले चाळणारी माणसे गावात मिळेनाशी झाली आहेत, तेव्हा बंद घरांतील कोणती येत्या दहा वर्षांत कोसळणार, निदान याचा अंदाज तरी बांधता येईल.

पत्र लांबले, त्याबद्दल क्षमा असावी. आपले प्रगणक आमच्या वाडीत येतील तेव्हा त्यांना पाणी आणि गूळ देण्यास आम्ही जे कोणी घरी असू ते हजर राहू.

आपला,
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एक रहिवासी